इस्तंबूलमधला एक मंगळवार

तुमचा प्रश्न असा आहे: मित्रमैत्रिणींबरोबर परदेशातलं शहर बघताना पायांचे तुकडे पडले, तरी संपूच नये असं वाटलं, असा दिवस कोणता?

माझ्यासाठी तो इस्तंबूलचा. आम्ही कॉलेजपासूनच्या चार मैत्रिणी, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. मंगळवारी तोपकापी राजवाडा बंद असतो हे गेटपाशी पोचल्यावर कळलं, म्हणून मागे वळून सुलतानअहमेतच्या चौकात आलो. तिथे पाटीवर लिहिलं होतं ‘मेयदान’. एक जण ओरडलीच, "अगं, मैदान!" आणि दिवसभराचा खेळ सुरू झाला: पाट्यांवर आपले शब्द शोधायचे, जिचे जास्त होतील तिला रात्री बाकीच्यांनी जेवण द्यायचं.

तुर्कीत 1928 साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, म्हणून आम्हाला पाट्या निदान वाचता येत होत्या. अरबी-फारसी शब्द त्यांच्याकडेही गेले, आपल्याकडेही आले. सकाळी दहापर्यंत दुकान, पडदा, बाजार, हवा आणि दुनिया सापडले होते.

आया सोफ्यात परदेशी पाहुण्यांना आता वरच्या सज्जात नेतात. तिकीट 25 युरो. वर जायला पायऱ्या नाहीत, फरसबंदी चढण आहे, वळणावळणाची. 537 साली पूर्ण झालेली ही वास्तू चर्च, मशीद, संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद अशी फिरत आली. ओढण्या डोक्यावर घेऊन आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. त्याच संगमरवरी कठड्यावर कुणा हाल्फदान नावाच्या उत्तर युरोपातल्या माणसाने शेकडो वर्षांपूर्वी आपलं नाव कोरलंय. मला घुमटापेक्षा ते ओरखडे जास्त भिडले.

मग जमिनीखालचं जुनं पाणीसाठ्याचं टाकं. 336 खांब, अंधार, गारवा. दोन खांबांच्या बुडाशी मेडूसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या बाईची, मुंडकी आहेत, एक उलटं, एक आडवं. वर ऊन रणरणत होतं, त्यामुळे आम्ही तिथे गरजेपेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळलो.

दुपारी एमिनोन्यूच्या धक्क्यावर दोघींनी पावात घातलेला भाजलेला मासा खाल्ला. शाकाहारी मैत्रिणीला मसूर डाळीचं ‘चोरबा’ मिळालं, वर लिंबू पिळलेलं. पहिला चमचा तोंडात गेल्यावर ती म्हणाली, "ही तर आमटी आहे, फोडणी राहिलेली." शोरबा हा शब्द तिने लगेच स्वतःच्या खात्यात जमा केला.

गलाता पुलावर गळ टाकून बसलेल्या माणसांची रांग ओलांडून पलीकडे काराकोयला गेलो. तिथे हत्यारांच्या दुकानांच्या गल्ल्या आहेत: करवती, पाने, स्क्रू. एका खोक्यावर लिहिलं होतं ‘रेन्दे’. वर चित्र पाहिलं आणि मी जागच्या जागी थांबले. रंधा! माझे वडील सुतारकाम करायचे. त्यांच्या रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या सालपटांत मी लहानपणी खेळले आहे. दुकानदाराला खुणेने विचारलं, त्याने हवेत हात पुढे-मागे केला, अगदी बाबांसारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणींनी मला त्या एका शब्दाचे पाच गुण दिले.

तिथून गलाता मनोऱ्यापर्यंतचा चढ म्हणजे परीक्षा होती. एकीचा गुडघा दुखत होता, तरी आम्ही जिन्यांनीच गेलो. मनोरा 1348 चा, इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला. रांग लांबलचक होती, म्हणून खालूनच बघितला. उतरताना मात्र ट्युनेल घेतली. ही 1875 सालची भुयारी गाडी दीड-दोन मिनिटांत खाली आणते. तुम्ही गेलात तर वर जाताना हीच घ्या, गुडघ्यांची ताकद वाचवा. आम्हाला ते आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बोटीने उस्कुदारला, म्हणजे शहराच्या आशियातल्या भागात. सालाजाकच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसलो. समोर पाण्यात ‘कन्यामनोरा’ नावाचा छोटा मनोरा, मागे युरोपाच्या काठावर घुमट आणि मिनार, त्यांच्यामागे सूर्य. तासभर कुणीच बोललं नाही. आमच्यासारख्या चौघी गप्प बसल्या, यावरूनच ओळखा.

परतताना समुद्राखालून जाणारी मार्मराय रेल्वे पकडली. सिर्केजी स्टेशनात वर येणारे सरकते जिने संपतच नव्हते. फोन म्हणत होता 27 हजार पावलं.

हॉटेलवर आल्यावर पाय भिजवायला बादली मागून घेतली. बाथरूममध्ये साबण नव्हता. गुडघेवालीने खाली फोन लावला, इंग्रजीत दोनदा सांगितलं, पलीकडच्या पोऱ्याला कळेना. शेवटी वैतागून ती मराठीत म्हणाली, "अरे बाबा, साबण, साबण!"

पलीकडून लगेच आवाज आला, "हा, साबुन! तामाम." दोन मिनिटांत दारावर टकटक झाली. जेवणाची पैज तिने जिंकली.