इनामाचा कागद शोधताना जनगणनेपासून सुरुवात करू नका

तुमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, पेशवाईत घराला इनाम जमीन होती असं आजी सांगायच्या, आणि खापरपणजोबांचं नाव १८७२च्या जनगणनेत मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. तिथे मिळणार नाही. जनगणनेचे छापील तक्ते बघायला मिळतात, पण त्यात माणसं मोजलेली असतात, त्यांची नावं नसतात.

आजच्या सातबाऱ्यावरून मागे चालत जा. त्यावर गट नंबर असेल. विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले, त्या एकत्रीकरणाच्या वेळच्या पत्रकात त्या गटाचा जुना सर्व्हे नंबर सापडतो, तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढा. कंपनी सरकारचा अधिकारी प्रिंगल याच्या भरमसाट सारा-आकारणीने रयत गावं सोडून चालली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दुसऱ्या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये नव्या पद्धतीची जमीन-पाहणी सुरू केली ती तुमच्याच इंदापुरात! साखळी ३३ फुटांची, एक चौरस साखळी म्हणजे गुंठा. आपण अजून तेच माप बोलतो.

खरा खजिना मात्र इनाम कमिशनचा, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी चौकशी खात्याचा. १८५२च्या कायद्याने इनामदारांना हक्क शाबीत करावा लागला. जमीन जाईल या धास्तीने घराण्यांनी कैफियती, म्हणजे आपल्या हक्काची लेखी हकिकत, लिहून दिल्या, सनदांच्या नकला जोडल्या, वंशावळी मांडल्या. खापरपणजोबा भेटले तर इथेच भेटतील. त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. मोघम ‘आमच्या घराण्याचे कागद’ मागू नका. गाव, जुना तालुका आणि इनामाचा प्रकार सांगा, म्हणजे रुमाल, अर्थात कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, शोधणं सोपं जातं.

कागद मोडी लिपीत असेल. त्यात शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे आडनावं चुकीची वाचली जातात. जाणकाराकडून वाचून घ्या, पण तारीख स्वतः लावायला शिका. जुन्या सनदेवर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं तर एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. सुहूर ही मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना. हे वर्ष मृगाला बदलतं. म्हणून मृगानंतरच्या तारखेला ५९९ मिळवायचे, पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपतचा जानेवारी १७६१ याच सालातला. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि पुढे रमजान, रबिलावल असे महिने येतात. हे न समजल्याने एक वर्षाची चूक होते आणि आजोबा-नातू एकाच सालात येऊन बसतात. माझ्या आजोळच्या वंशावळीत तसंच झालं होतं, दोन पिढ्या पुन्हा लावाव्या लागल्या.

रुमालाचा नंबर तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या, दुसऱ्यांदा गेलात की त्याचीच गरज पडते. कैफियत हाती आली की तारखेची ओळ इथे टाका, आपण मिळून लावू.