गोव्यातलं वडिलोपार्जित घर सुट्टीपुरतं अनोळखी कुटुंबाशी बदलावं का?

तुम्ही विचारलंय की गोव्यात वडिलोपार्जित घर आहे, सुट्टीत एखाद्या अनोळखी कुटुंबाशी घरांची अदलाबदल केली तर खर्च खरंच वाचतो का, आणि धोका किती. खर्च वाचतो. राहण्याचा पूर्ण वाचतो आणि खाण्याचाही बराचसा, कारण स्वयंपाकघर हाताशी असतं. धोक्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यावरूनच माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बिनसलंय.

आमचं घर फोंडा तालुक्यात. कौलारू, मधोमध राजांगण, मागे कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग. आई, मी आणि मिस्टर तिथे राहतो, दादा ठाण्याला असतो. त्याच्या वाट्याच्या दोन खोल्यांना त्याचं कुलूप आहे. आईला त्र्यंबकेश्वरला त्रिपुरी पौर्णिमेचा रथ बघायचा होता, आणि दिवाळीच्या सुट्टीभर तिघांनी लॉजवर राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. शिक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाशिकचं एक कुटुंब भेटलं. नवरा-बायको दोघंही शिक्षक, दोन मुलं. ही काही आजकालची टूम नाही. 1953 साली युरोपातल्या शिक्षकांनीच लांब सुट्ट्यांसाठी आपापसांत घरं बदलायला सुरुवात केली, होमएक्सचेंजसारखी घरबदल जुळवून देणारी मंडळी त्यानंतर खूप उशिरा, 1992 मध्ये आली.

दादाला हे भाऊबीजेला कळलं. ओवाळणीचं ताट अजून पाटासमोरच होतं. "देवघराच्या घरात परकी माणसं? कोण कुठली, काय खातील, काय पितील!" तो जेवायलाही बसला नाही. आता हे ऐका: याच दादाने त्याच वर्षी चैत्रात दिल्लीच्या गिऱ्हाइकाचा एजंट आणून राजांगणाची मापं घेतली होती. म्हणजे परक्याने पंधरवडाभर देवघराशेजारी झोपायचं नाही, पण देवघरासकट सगळं घर विकत घ्यायला हरकत नाही. त्या दिवशी आई मध्ये बसली होती म्हणून मी बोलले नाही. आज इथे बोलते.

आम्ही गेलोच. मंगला एक्सप्रेस मडगावहून थेट नाशिक रोडला पोचवते. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती आणि फ्रिजवर चिठ्ठी: 'पाणी सकाळी तासभरच येतं, पिंप भरून घ्या. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवा. गॅलरीतल्या मोगऱ्याला एक तांब्या.' आमच्याकडून त्यांनाही तसाच कागद होता: विहिरीचा पंप सुरू करण्याआधी त्यात कळशीभर पाणी ओतायचं, नाहीतर तो नुसताच फिरतो, रात्री पुढच्या दाराला अडसर, देवपूजेला सकाळी शेजारचे भटजी येतील, त्यांना फक्त दार उघडून द्या.

दुसऱ्याच दिवशी त्या ताईंचा फोन फोंड्याच्या बाजारातून. "बांगडे फार ताजे दिसतायत. तुमच्या स्वयंपाकघरात केले तर चालतील ना? देवघर जवळ आहे म्हणून विचारते." आमच्याकडे सोमवार सोडून मासळी असतेच, तसं सांगितलं. पण तिला विचारावंसं वाटलं. दादाने चैत्रात त्या एजंटला चपला घालून देवघरापर्यंत आत आणलं, तेव्हा त्याने कोणाला विचारलं होतं?

आईच्या जिवाला घोर होता तो तुळशीच्या लग्नाचा. आमच्याकडे ती व्हडली, म्हणजे मोठी दिवाळी. नाशिकच्या ताईंनी वाड्यावरच्या बायकांना विचारून ऊस, आवळ्याची फांदी, चिंचा सगळं जमवलं. वृंदावन मुलांनी रंगवलं, जरा भडकच. व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टकं चालू होती आणि आई नाशिकच्या सोफ्यावर बसून सूचना देत होती, "अगो, चिंचा उसाला बांध, खाली नको ठेवू!" परत आलो तेव्हा मागच्या पडवीत वाळवीची एक ताजी रेघ दादाच्या बंद खोलीच्या चौकटीतून बाहेर येताना त्यांनीच आम्हाला दाखवली. जिथे माणसं राहत होती, स्वयंपाक होत होता, केर निघत होता, त्या खोल्यांना काही झालं नव्हतं. गोव्यात पावसाळ्यानंतर बंद घराची काय दशा होते हे तुम्हाला माहीत असेलच. मला विचाराल तर तुमच्या घराला खरा धोका कुलपाचा आहे.

माणसं निवडायची कशी? पहिल्याच फोनवर 'बीच किती लांब?' याच्यापुढे ज्यांची गाडी जात नाही त्यांना नाही म्हणा. फोंडा तालुक्याला समुद्रच नाही, हे आधीच स्पष्ट सांगून टाकायचं. ज्यांना मंगेशी-म्हार्दोळची देवळं, कुळागर, पाटाचं पाणी यात रस आहे ते तुमचं घर नीट ठेवतील. चतुर्थीत घर कोणालाही देऊ नका. दागिने आणि कागदपत्रं बँकेत. व्हिडिओवर दोन्ही कुटुंबांनी एकमेकांचं घर कोपऱ्यापर्यंत बघून घ्यावं, मोडतोड झाली तर भरून कोणी द्यायची तेही लिहून घ्यावं.

आणखी काही गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. पाहुणे परदेशी असतील तर 24 तासांत त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, एक पैसा घेतला नसला तरी. पैसे घेऊन ठेवणार असाल तर ती अदलाबदल राहत नाही, पर्यटन खात्याकडे 1982 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. आणि घर सामाईक असेल तर वाटेकऱ्यांची संमती आधी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी. आम्ही आमच्या ताब्यातल्याच खोल्या दिल्या होत्या, म्हणून निभावलं.

वाटेकरी म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासून वारशात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, त्यामुळे 'तू कोण ठरवणारी?' हे कोणी मला ऐकवू नये. तुमच्या घरातही कोणी देवाचं नाव पुढे करून आडवा आला, तर यंदाच्या शाकारणीचे पैसे कोण देणार हे त्याला विचारा. दादाने अजून उत्तर दिलेलं नाही. नाशिककरांशी मात्र पुढच्या दिवाळीचं बोलणं झालंय.