मुलीच्या प्रवेशासाठी घर तारण ठेवू का?

प्रश्न : मी ५७ वर्षांचा असून खासगी कंपनीच्या उत्पादन विभागात आहे. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. मुलीने यंदा राज्यशास्त्रात प्रथम श्रेणीत एम.ए. केले असून तिला अमेरिकेत शिकून प्राध्यापक व्हायचे आहे. कन्सल्टंटने एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आठ विद्यापीठांत अर्ज करण्याचे २ लाख २५ हजारांचे पॅकेज सांगितले आहे. शिक्षणाचा एकूण खर्च सुमारे ८५ लाख येईल. फ्लॅट तारण ठेवून बँकेचे साडेदहा टक्क्यांचे कर्ज घ्यावे, की तारणाशिवाय वित्तसंस्थेचे १३ टक्क्यांचे? फ्लॅटची किंमत ९० लाख असून त्यावर कर्ज नाही. पीएफचे ४२ लाख आणि मुदत ठेवी १८ लाख आहेत. घरखर्च महिना ५५ हजार. कर्जफेडीची सोय म्हणून याच महिन्यात वर्षाला ६ लाख हप्त्याची हमी उत्पन्न पॉलिसी घेतली आहे. दहा वर्षे हप्ते भरायचे आणि बाराव्या वर्षाअखेरपासून दहा वर्षे दरवर्षी १० लाख मिळणार आहेत.

उत्तर : तुमचा प्रश्न कर्जाचा आहे, पण पत्राच्या शेवटच्या दोन ओळी वाचून मी तुम्हाला त्याच दिवशी ईमेल केला. त्यात लिहिलेले इथे पुन्हा सांगतो, कारण तुमच्यासारखे आणखी वाचक असतील. पॉलिसीचा दस्तऐवज, कागदी असो वा ईमेलवर आलेला, हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा तुम्हाला हक्क आहे. यालाच फ्री लूक कालावधी म्हणतात. थोडे मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून घेऊन कंपनी बाकी सर्व रक्कम परत करते. अर्ज प्रतिनिधीच्या हाती देऊ नका. स्वतः कंपनीच्या शाखेत जाऊन द्या, सोबत रद्द केलेला धनादेश जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि तोच मजकूर कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेलही करा. प्रतिनिधी 'थोडे थांबा, साहेबांशी बोलतो' असे सांगत दिवस काढेल. त्याचे कमिशन जाणार असल्यामुळे तो तसे करणारच. तुम्ही मात्र एकही दिवस थांबू नका. मुदत उलटल्यावर बाहेर पडायचे तर भरलेल्या ६ लाखांचा मोठा भाग सोडून द्यावा लागेल.

एवढी घाई का, ते आकड्यांत पाहा. तुमचा पहिला ६ लाखांचा हप्ता बारा वर्षांनी १० लाख होऊन परत येतो, दुसरा तेराव्या वर्षाअखेर, आणि असेच पुढे. म्हणजे परतावा वर्षाला जेमतेम ४.३५ टक्के पडतो. 'साठ लाख भरा आणि एक कोटी घ्या' हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते, पण मधली बारा वर्षे त्यातून गाळलेली असतात. ज्या कर्जाच्या फेडीसाठी म्हणून ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली, त्याचे व्याज साडेदहा टक्के आहे. त्या दराने ६ लाखांचे देणे बारा वर्षांत सुमारे २० लाख होते. ४.३५ टक्क्यांनी वाढणाऱ्या पैशातून साडेदहा टक्क्यांनी वाढणारे देणे कधीच फिटत नाही. शिवाय हे उत्पन्न करमुक्त असल्याचे तुम्हाला सांगितले गेले आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकत्रित वार्षिक हप्ता ५ लाखांहून जास्त असेल, तर मिळणाऱ्या रकमेवरची करसवलत जाते. तुमचा हप्ता ६ लाखांचा आहे. विकणाऱ्याला हा नियम माहीत नसेल तर त्याने विकायला नको होते, आणि माहीत असेल तर त्याने तुम्हाला फसवले आहे.

आता जे तुम्ही विचारलेच नाही, त्याकडे वळतो. दहा महिन्यांनी तुमचा पगार बंद होईल आणि पॉलिसीचे हप्ते मात्र त्यानंतर नऊ वर्षे चालू राहतील. ते कशातून भरणार होतात? पीएफमधूनच, कारण दुसरे काही नाही. पीएफ, ठेवी आणि परत मिळणारा हप्ता मिळून तुमच्याकडे ६६ लाख होतात. घरखर्च वर्षाला ६ लाख ६० हजार आहे. ईपीएसचे (कर्मचारी पेन्शन योजनेचे) निवृत्तिवेतन तुम्ही लिहिलेले नाही. ते महिना पाच हजारांच्या आसपास धरले तरी दरवर्षी ६ लाख जमवलेल्या पैशातूनच काढावे लागतील. गुंतवणुकीवरचा परतावा महागाईच्या बरोबरीने राहिला असे मानले, तर ६६ लाख अकरा वर्षे पुरतात. तेव्हा तुम्ही ६९ वर्षांचे असाल. त्यानंतरच्या आयुष्यासाठी तुमच्याकडे फक्त तो फ्लॅट उरतो आणि तोच तुम्ही तारण ठेवायला निघाला आहात. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आला नसता तरी तुमचे निवृत्तीचे गणित अपुरेच होते. पत्रातली सर्वांत मोठी अडचण मला ही दिसते.

त्यावर उपाय आहेत. प्रकृती साथ देत असेल तर निवृत्तीनंतर आणखी तीन-चार वर्षे कोणतेही काम करा. महिना ४० हजार मिळाले तरी वर्षाला जवळपास ५ लाखांना हात लावावा लागणार नाही. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडा. नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांना ही योजना ५५ वर्षांनंतर खुली आहे, तिची मर्यादा ३० लाख आहे आणि व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून तुमचा आणि पत्नीचा स्वतंत्र आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या. या तीन गोष्टी मार्गी लागेपर्यंत मुलीच्या शिक्षणासाठी किती देता येईल हे तुम्हालाच नीट कळणार नाही. माझ्या अंदाजाने तो आकडा ८ लाख आहे, फार तर १०.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. दोन्ही कर्जे घेऊ नका. घर तारण ठेवले तर व्याज अडीच टक्क्यांनी कमी पडते हे खरे, आणि ठरावीक बँका व वित्तसंस्थांच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जात नाही हेही खरे. व्याजावरची करवजावट मात्र फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि निवृत्तीनंतर तुमच्या उत्पन्नावर मुळातच फारसा कर बसणार नाही, तेव्हा वजावट घेणार कशातून? ८५ लाखांवर अभ्यासाचे वर्ष आणि पुढचे सहा महिने धरून व्याज चढले की देणे ९८ लाखांवर जाते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३२ हजार. सहकर्जदार म्हणून पहिली सही तुमची असेल, आणि तुम्हाला पगार नसेल.

मुलगी नोकरी करून फेडेल, अशी आशा पत्रात दिसते. ती कोणत्या नोकरीतून? राज्यशास्त्राच्या बहुतेक पदव्या अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राप्रमाणे स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडत नाहीत, त्यामुळे शिक्षणानंतर तिथे कामाची परवानगी साधारण १२ महिन्यांची असते. स्टेमवाल्यांना मिळणारे जादाचे २४ महिने तिला मिळणार नाहीत. आणि तिला तर नोकरी करायचीच नाही, तिला प्राध्यापक व्हायचे आहे. त्यासाठी मास्टर्सनंतर पीएच.डी. लागेल, म्हणजे आणखी पाच-सहा वर्षे. बँकेने तोवर हप्ते लांबवून दिले तरी ९८ लाखांचे पावणेदोन कोटी होतील.

इथे कन्सल्टंटचा मुद्दा येतो. 'तिकडची मास्टर्स केल्याशिवाय पीएच.डी.ला घेत नाहीत' असे त्याने तुम्हाला सांगितले. ते चुकीचे आहे. अमेरिकेत राज्यशास्त्राच्या पीएच.डी.ला थेट पदवीनंतरही प्रवेश मिळतो, आणि तुमच्या मुलीने तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांचे एम.ए.ही केले आहे. या दोन वाटांमधला पैशाचा फरक कोणीतरी तुम्हाला समजावून सांगायला हवा होता. एक वर्षाच्या मास्टर्सचे शुल्क बहुधा विद्यार्थीच भरतो. पीएच.डी.ला मात्र चांगले विभाग शुल्क माफ करतात, आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या मोबदल्यात साधारण पाच वर्षे विद्यावेतन देतात. विद्यापीठ आणि शहर यांनुसार ते ढोबळमानाने वर्षाला २५ ते ५० हजार डॉलरपर्यंत असते. त्यात बचत होत नाही, पण एक माणूस राहू शकतो. डॉलर ९० रुपये धरला तर तुमच्या कर्जाचे हप्ते वर्षाला साडेसतरा हजार डॉलर होतात. म्हणजे मास्टर्सचे कर्ज डोक्यावर घेऊन ती पीएच.डी.ला लागली, तर ३५ हजारांचे विद्यावेतन अर्धे बँकेत जाईल. ज्या विद्याशाखेत विद्यापीठ स्वतः पैसे देऊन विद्यार्थी घेते, तिथे जागा विकत घेण्यासाठी घर गहाण टाकणे मला मान्य नाही.

याचा अर्थ पीएच.डी.ची जागा सहज मिळेल असा नाही. नावाजलेल्या विभागांत दहा-वीस जागांसाठी शेकडो अर्ज येतात, आणि २०२५ मध्ये निधीच्या ओढाताणीमुळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. पदवी मिळाल्यावर कायम प्राध्यापकपदाच्या जागाही मोजक्याच असतात. पहिल्या वर्षी सगळीकडून नकार येण्याची शक्यता बरीच आहे, हे मुलीशी आत्ताच मोकळेपणाने बोला. असा नकार दीड लाखात पडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. मास्टर्सचा होकार ८५ लाखांना पडेल.

तेव्हा अर्ज असे करा. बहुतेक विभागांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. दहा विभागांचे शुल्क प्रत्येकी १०० डॉलर धरले तरी ९० हजार रुपये होतात. काही ठिकाणी विनंती केल्यास शुल्क माफही होते. इंग्रजीची परीक्षा आणि जिथे अजून मागतात तिथे जीआरई ही प्रवेशचाचणी धरून दीड लाखात काम व्हावे. पॅकेजचे सव्वादोन लाख देऊ नका. प्रवेश समिती तीन गोष्टी बारकाईने वाचते: संशोधनाचा प्रश्न मांडणारे निवेदन, शिक्षकांची तीन शिफारसपत्रे आणि वीस-पंचवीस पानांचा लेखननमुना. यातली कोणतीही कन्सल्टंटच्या कार्यालयात तयार होत नाही. तिथे निवेदनांचे साचे असतात, आणि तोच साचा दहा अर्जांत वाचलेल्या प्राध्यापकाला तो लगेच ओळखू येतो.

तिने एकाच वाटेवर अवलंबून राहू नये, म्हणून नेट ही प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षाही द्यावी. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, आणि भारतातच पीएच.डी. सुरू करता येते. परदेशी मास्टर्सच हवी असेल तर जर्मनी पाहा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मानहाइम विद्यापीठात राज्यशास्त्राची मास्टर्स इंग्रजीतून आहे. ते ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेमबर्ग मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे साधारण १२-१३ लाख रुपये. पहिल्या वर्षाच्या राहण्याचा हा आकडाच तुमच्या मर्यादेच्या थोडा वर जातो, पण वरचे पैसे तिने वर्षभर नोकरी करून साठवले तर अशक्य नाही. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जातीचे असाल तर राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या आणि विद्यापीठ क्रमवारीच्या अटी सर्वांत आधी तपासा.

पत्राला जोडलेल्या मुलीच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे: एम.ए.चा प्रबंध जिल्हा परिषदेतील महिला सदस्यांवर, ४० मुलाखती, मराठीत. तुमच्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत मोलाचा ऐवज हाच वाटला आणि कन्सल्टंटने त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, असे तुम्हीच लिहिता. ग्रामीण महाराष्ट्रात जाऊन मराठीत मुलाखती घेऊ शकणारी विद्यार्थिनी भारतीय राजकारणावर काम करणाऱ्या मार्गदर्शकाला हवी असते. मुलाखतींवरचे प्रकरण तिने इंग्रजीत पंचवीस पानांत नव्याने लिहावे, सोबत मोफत मिळणाऱ्या आर या सॉफ्टवेअरवर प्राथमिक संख्याशास्त्र शिकावे, आणि शिफारसपत्र देणाऱ्या तिन्ही शिक्षकांना तो मसुदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाचायला द्यावा, म्हणजे त्यांना पत्रात लिहायला काही ठोस मिळेल.