फिल्मवरचे फोटो सलॉनला पाठवताना: स्कॅन, पुरावा आणि विभाग

तुमचे प्रश्न दोन: एचपी5 प्लस या इल्फर्डच्या कृष्णधवल फिल्मवर काढलेले वारीचे 35 एमएम फोटो फियापच्या (आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघाच्या) मान्यतेच्या सलॉनमध्ये, म्हणजे फोटोस्पर्धेत, चालतात का, आणि आयोजकांनी रॉ फाइल (डिजिटल कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) मागितली तर दाखवायचे काय?

फोटो चालतात. पण फिल्मवर काढला म्हणून एकही गुण जास्त मिळत नाही. परीक्षकाला निगेटिव्ह दिसत नाही. पडद्यावर जेपीईजी दिसते, तीही काही सेकंद. फिल्मवरचे चांगले फोटो ॲक्सेप्टन्सला (सलॉनमधल्या निवडीला) मुकतात ते बहुतेक वेळा करड्या, मरगळलेल्या स्कॅनमुळे. म्हणून आधी स्कॅनचे बोलू.

बऱ्याच सलॉनची मर्यादा 1920 बाय 1080 पिक्सेल असते. त्या चौकटीत 35 एमएमची आडवी फ्रेम 1620 बाय 1080 बसते, उभी मात्र फक्त 720 बाय 1080, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. बारीक तपशिलावर अवलंबून असलेली उभी फ्रेम इथे मार खाते. पाठवायचे फोटो निवडताना हे आधी बघा.

स्कॅनरमधली शार्पनिंग आणि ऑटो कॉन्ट्रास्ट बंद करा, 16 बिट ग्रेस्केलमध्ये सपाट स्कॅन घ्या. काळा-पांढरा बिंदू (सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ टोन) नंतर एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कर्व्हमध्ये बसवा. फ्लॅटबेडवर 6400 डीपीआय लिहिलेले असले तरी खरा तपशील त्याच्या निम्म्याहून कमी मिळतो, त्यामुळे मोठा आकडा निवडून फाइल फुगवण्यात अर्थ नाही. मॅक्रो लेन्स असेल तर कॅमेऱ्याने स्कॅन करणे 35 एमएमसाठी सरस: 1:1 (फ्रेम सेन्सरवर मूळ आकारात), एफ/8, आयएसओ 100, 95 च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) असलेला एलईडी पॅनल. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवा. हे टाळले की एका कोपऱ्यातला ग्रेन (फिल्मचे कण) हमखास विरघळतो.

धूळ हातानेच काढावी लागेल. डिजिटल आइस ही स्कॅनरमधली धूळ काढण्याची सोय इन्फ्रारेडवर चालते, आणि एचपी5 सारख्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते. मग सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून ते खरवडते. एक्सपी2 सुपर ही कृष्णधवल फिल्म सी-41 या रंगीत फिल्मच्या प्रक्रियेत धुतली जाते, तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, म्हणून तिथे आइस चालते.

फोटो लहान केल्यावरच शार्पन करा, रेडियस 0.3 ते 0.5 पुरे. आधी केले तर ग्रेन मिठासारखा टोचतो. शेवटी फाइल एसआरजीबी (पडद्यांसाठीची प्रमाणित रंगप्रणाली), 8 बिट. ग्रेस्केल प्रोफाइल तसेच ठेवून पाठवलेल्या फाइलचे टोन दुसऱ्या पडद्यावर बदलू शकतात.

वारीतली पांढरी धोतरे आणि टोप्या स्कॅनमध्ये फटक पांढरी येत असतील तर दोष बहुधा डेव्हलपिंगमध्ये आहे. आयडी-11 डेव्हलपर, 1+1 (तेवढेच पाणी मिसळून), 20 अंशांना एचपी5 ला 13 मिनिटे लागतात. 24 अंशांना तेच काम सुमारे 9 मिनिटांत होते. उन्हाळ्यात नळाचे पाणी 30 च्या पुढे जाते; तरी 13 मिनिटेच दिली तर पांढरा भाग निगेटिव्हवर इतका गडद होतो की स्कॅनरचा प्रकाश पार जात नाही. बादलीत बर्फ घालून रसायनांच्या बाटल्या 22 ते 24 वर आणा. स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवा.

आता पुराव्याचे. 2010 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने क्रीडा विभागातले एक बक्षीस काढून घेतले; मूळ फाइलशी ताडल्यावर चित्रातले एक पाऊल पुसलेले निघाले. 2023 मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधले बक्षीस नाकारले, कारण ते चित्र एआयने बनवलेले होते. अशा वातावरणात निगेटिव्ह हा तुमच्या हातातला फार भक्कम पुरावा आहे. फक्त तो नीट मांडा. सहा फ्रेमची अख्खी पट्टी लाइट पॅनलवर ठेवून कडेची अक्षरे आणि फ्रेम नंबर दिसतील असा फोटो काढा. निवडलेली फ्रेम कधीही सुटी कापू नका, कारण मागच्या-पुढच्या फ्रेम हीच साक्ष असते. सोबत न छेडलेला स्कॅन द्या. कॅमेऱ्याने स्कॅन केले असेल तर रॉ फाइलमध्ये स्कॅनची तारीख आणि मॅक्रो लेन्स दिसेल. तसे दोन ओळींत आधीच लिहून कळवा, नाहीतर विनाकारण संशय येतो. पट्ट्या पॉलीप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये ठेवा, पीव्हीसीच्या नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलही हवे, बुरशी जिलेटिन खाते.

विभाग निवडताना एक गोष्ट हटकून चुकते. फियापच्या व्याख्येनुसार संपूर्ण चित्र एकाच रंगात टोन केले तर ते मोनोक्रोमच (एकरंगी) राहते. अर्धवट टोन केले की ते कलर विभागात जाते. सेपियात अर्ध्यावर थांबवलेला स्प्लिट टोन (काही भाग तपकिरी, बाकी तसाच) म्हणूनच धोक्याचा. नेचर विभागात धूळ आणि फिल्मवरचे ओरखडे काढायला परवानगी आहे, चित्रातली फांदी काढायला नाही. इन्फ्रारेड फोटो त्या विभागात चालत नाहीत.

सलॉनमध्ये प्रिंट विभाग असेल तर तुमचे फोटो तिथे आवर्जून पाठवा. बॅरायटा (फायबर) कागदावरच्या डार्करूम प्रिंटमधला काळा रंग पडद्यावर येत नाही, आणि तिथे फिल्मचे काम परीक्षकाच्या हातात पडते. आकार बहुधा 30 बाय 40 सेंमीपर्यंत लागतो. फायबर कागद वाळताना गुंडाळतो, म्हणून पाठवण्याआधी दोन स्वच्छ ॲसिडमुक्त कागदांमध्ये घालून वजनाखाली चार-पाच दिवस दाबून ठेवा. माउंट हवे की नको, हे त्या सलॉनच्या नियमांत बघूनच ठरवा.