गाड्या मैदानात शिरतात तेव्हाच पोचा: जुन्या गाड्यांच्या फोटोंवर वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की जुन्या गाड्यांच्या रॅल्या आणि मेळावे सुरू होतात, डिसेंबर ते फेब्रुवारी हाच आपल्याकडचा सीझन, आणि दरवर्षी याच दिवसांत या सदराकडे गाड्यांच्या फोटोंचे प्रश्न येतात. यावेळचे पाच घेतलेत. काही जणांनी तेच तेच विचारलं होतं, ते एकत्र केलंय.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, कॅमेरा नाही, फोनवरच फोटो काढतो. मागच्या महिन्यात शोमध्ये एक मॉरिस मायनर होती, इतकी गोड गाडी, पण माझ्या फोटोत तिचं नाक फुगलंय आणि मागचा भाग एवढुसा झालाय. फोन बदलू का? (विद्यार्थी, नाशिक)

फोन बदलू नकोस, तू मागे हो. हे फोनमुळे होत नाही, अंतरामुळे होतं. मॉरिस मायनर साधारण पावणेचार मीटर लांब आहे. तू हेडलाइटपासून दीड मीटरवर उभा राहिलास तर गाडीची शेपटी तुझ्यापासून सव्वापाच मीटरवर जाते, म्हणजे साडेतीन पट लांब, मग ती तेवढीच लहान दिसणार ना. तेच सहा मीटरवर गेलास की हा फरक दीड पटीच्या थोडा वर येतो आणि गाडी डोळ्याला दिसते तशी दिसायला लागते. मागे गेल्यावर गाडी फ्रेममध्ये छोटी वाटते, तेव्हा फोनमधली २ एक्स किंवा ३ एक्सची लेन्स वापर, आणि ०.५ एक्स तर गाडीच्या बाहेरून काढायला वापरूच नकोस, ती आतला डॅशबोर्ड घ्यायला ठेव.

दुसरं म्हणजे खाली बस. आपण उभ्यानं फोटो काढतो त्यामुळे टप जास्त दिसतो आणि गाडी दबल्यासारखी वाटते. फोन हेडलाइटच्या उंचीवर आण, मायनर छोटी आहे म्हणजे जवळजवळ उकिडवंच बसावं लागेल, पण त्या उंचीवरून तिचे मडगार्डचे गोल काय सुंदर येतात ते बघ एकदा. आणि पुढची चाकं. मालक तिथं असेल तर त्याला विचार की स्टेअरिंग थोडं वळवता का, चाकाची टोपी तुझ्याकडे तोंड करून यायला हवी, टायरची नक्षी नाही. एवढ्यानं गाडीला एकदम ऐट येते.

आता तू म्हणशील सहा मीटर मागे जायला जागा कुठाय, मध्ये दोरी, माणसं, स्पॉन्सरच्या पाट्या. बरोबर आहे, अकरा वाजता नसतेच जागा. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, शोची वेळ दहाची असेल तर तू सहाला जा. गाड्या ट्रेलरवरून उतरत असतात, कुणी हँडल मारत असतं, कुणी बोनेट उघडून कार्ब्युरेटरशी झटापट करत असतं, दोऱ्या लागलेल्या नसतात आणि ऊन तिरकं असतं. अमेरिकेत पेबल बीचला १९५० पासून जो मोठा शो भरतो तिथंसुद्धा खरे हौशी लोक पहाटे अंधारात जाऊन उभे राहतात, फक्त गाड्या हिरवळीवर येताना बघायला, आणि त्या पहाटेच्या भेटीला तिथं नावच पडलंय, डॉन पॅट्रोल, म्हणजे पहाटेची गस्त. आपल्याकडे त्यासाठी नाव नाही पण गर्दी पण नाही, तेवढा आपला फायदा.

प्रश्न: काळ्या ब्युकचे फोटो काढले, सगळ्या दारांवर मीच दिसतोय. कुणीतरी सांगितलं म्हणून पोलरायझर फिल्टर घेतला. बोनेटवरची चमक कमी झाली पण बंपरवर काहीच फरक नाही, आणि दुसऱ्या एका गाडीच्या मागच्या काचेवर तर जांभळे-निळे डाग आलेत. फिल्टर खराब आहे का? (वाचक, ठाणे)

फिल्टर चांगला आहे. तुम्हाला जे तीन अनुभव आले ते तिन्ही बरोबरच आहेत, आणि हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला कारण जुन्या गाड्यांचा अर्धा खेळ इथंच आहे.

काच, पाणी, रंगावरचं पॉलिश, यांच्यावरून तिरका प्रकाश परत फिरतो तेव्हा त्याची लहर बऱ्यापैकी एकाच दिशेत हलत असते, आणि पोलरायझर फिरवला की तीच दिशा अडवता येते. पण हे कुठल्याही कोनात नाही होत. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशाचा कोन असला तर सगळ्यात जास्त परिणाम, अगदी समोरून बघितलं तर जवळजवळ शून्य. म्हणून तिरक्या बोनेटवर झालं आणि सरळ दारांवर तुम्ही तसेच राहिलात. क्रोमचं वेगळं आहे, तो धातू आहे, धातूवरून परत येणारा प्रकाश असा एका दिशेत येत नाही, त्यामुळे बंपर, जाळी, हेडलाइटच्या रिंगा यांच्यावर फिल्टर कितीही फिरवा. आणि ते डाग म्हणजे टफन काच. काच तापवून झटकन गार करताना तिच्यात जो ताण राहतो तो पोलरायझरमधून रंगीत डागांसारखा दिसतो. पुढची काच बहुतेक लॅमिनेटेड असते म्हणून तिच्यावर दिसत नाही, मागच्या आणि बाजूच्या काचांवर दिसतं. अशा वेळी फिल्टर काढून टाका, नाहीतरी तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

मग क्रोमचं आणि काळ्या रंगाचं करायचं काय. माझा उपाय असा की गाडी बघूच नका, गाडीत काय दिसतंय ते बघा. काळी ब्युक हा चार चाकांवरचा आरसाच आहे, तिच्या अंगावर जे सुंदर दिसेल तोच तुमचा फोटो. मी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारते कॅमेरा न उचलता, कुठल्या बाजूला नुसतं आकाश पडलंय, कुठं झाडांची रांग आडवी पडलीय, कुठं भगव्या-पांढऱ्या मांडवाच्या पट्ट्या पडून गाडी चट्टेरी झालीय. मांडव पांढरा असेल तर फार छान, त्याचा उजेड मऊ पडतो, पण निळा-पिवळा कापडी मांडव असेल तर क्रीम रंगाची गाडी हिरवट येते आणि ते नंतर कॉम्प्युटरवर सुद्धा नीट जात नाही, तिथं गाडी बाहेर येईपर्यंत थांबायचं. स्वतः गडद साधा कपडा घाला, माझ्या एका जुन्या फोटोत मरून गाडीच्या दारावर माझा पिवळा कुडता आहे, गाडी परत कधी दिसली नाही, फोटो तसाच राहिला. आणि एक्स्पोजर थोडं मायनसला ठेवा, पाऊण स्टॉप वगैरे, क्रोमवरचा पांढरा चटका एकदा जळला की त्यातून काही परत येत नाही, सावली मात्र रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न बदलता साठवलेल्या फोटोत, नंतर उघडते.

प्रश्न: कोल्हापूरला दसऱ्याला न्यू पॅलेसहून छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते. दरवर्षी प्रयत्न करतोय, दरवर्षी हातातल्या मोबाइलांचेच फोटो येतात. (वाचक, कोल्हापूर)

चौक सोडा. चौकात गाडी थांबते आणि थांबली की गर्दी तिला गिळते. येण्याच्या वाटेवर आधीपासून एक जागा धरा, रस्ता वळतो अशी, कारण वळणावर गाडी हळू होते आणि तिची बाजू आणि तोंड दोन्ही दिसतात. सीमोल्लंघन सूर्यास्ताच्या सुमाराला असतं म्हणजे ऊन पश्चिमेकडून आणि झपाट्यानं कमी होणारं, त्यामुळे आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन तिथं उजेड कुठून पडतो ते बघून या. शटर १/२५० सेकंदापेक्षा सावकाश ठेवू नका, आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो त्याचा आकडा) १६०० किंवा ३२०० झाला तरी चालेल, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फ्लॅश मारू नका, क्रोमवर पांढरा ठिपका सोडून काही मिळत नाही. आणि गर्दी पूर्ण टाळायच्या मागे लागू नका, फेट्यातली माणसं गाडीकडे बघतायत असा फोटो फक्त कोल्हापुरातच मिळेल, नुसती मेबॅक तर जर्मनीतल्या संग्रहालयात पण आहे.

प्रश्न: मी फोटोवाली नाही, गाडीवाली आहे. सासऱ्यांची १९३४ ची ऑस्टिन आम्ही शोमध्ये नेतो. लोक दार उघडून बसतात, मुलांना मडगार्डवर बसवून फोटो काढतात, बॅगा घासतात. फोटोवाल्यांना काहीतरी सांगा हो. (वाचक, पुणे)

सांगते, आणि आधी माझीच गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं बकल एका गाडीच्या मागच्या मडगार्डला घासलं. बोटभर ओरखडा. मालक काका काही बोलले नाहीत, नुसता त्याच्यावरून अंगठा फिरवत उभे राहिले, आणि ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं. तेव्हापासून पट्टा आखूड, बॅग पुढच्या बाजूला, अंगावर धातूचं काही नाही, आणि दोन गाड्यांच्या फटीत मी शिरत नाही.

फोटो काढणाऱ्यांनो, दोरी असो नसो, गाडीला हात लावायच्या आधी विचारा. आधी नमस्कार करा, गाडीचं वर्ष विचारा, ऐका, मग कॅमेरा काढा. मालक नसेल तर जो फडक्यानं पुसत बसलाय त्याच्याशी बोला, कारण बऱ्याचदा गाडी खरी त्याच मिस्त्रीला माहीत असते. मला एकदा एका मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं, "ताई, पाच मिनिटं थांबा, टप खाली करतो, मग घ्या," आणि त्या पाच मिनिटांत कापडी टपाची लाकडी कमान कशी घडी होते ते सगळं मला काढता आलं. जजेस कागद घेऊन गाडीजवळ असतील तेव्हा लांब राहा, तिथं मालकाचा जीव वर-खाली होत असतो.

नंबर प्लेटचं पण दोघीतिघींनी विचारलंय. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या, मुळासारख्या ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्यानं नोंदवली तर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. जिची नोंदणी आधीपासून आहे तिला जुना नंबर ठेवता येतो, आणि एमएच यायच्या आधीची ती प्लेट ही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे, म्हणून मी ती फोटोत घेते. पण ऑनलाइन टाकताना मालकाला विचारून टाकते. चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो मात्र कधीच टाकत नाही, तो काढते आणि फक्त मालकाला देते. आणि हे देणं विसरू नका. पुढं कधी ऑस्टिनचं दाराचं हँडल तुटलं, आतलं कापड बदलायची वेळ आली, तर मुळात कसं होतं ते तुमच्या त्या फोटोत असेल. बोनेटच्या आतली वायर कुठून जाते, पत्र्यावरची कंपनीची चकती कुठल्या स्क्रूनं बसवलीय, असले कंटाळवाणे वाटणारे फोटो गाडी दुरुस्त करणाऱ्यासाठी सोन्यासारखे असतात.

प्रश्न: मी स्लाउला राहतो. नोव्हेंबरमधली लंडन-ब्रायटन रन, म्हणजे जुन्या गाड्यांची लंडन ते ब्रायटन फेरी, बघायला मुलीला घेऊन जायचंय. चालत्या गाडीचे फोटो कसे काढायचे? आणि तुम्ही नेहमी दुर्मीळ गाड्यांबद्दल लिहिता, पण माझ्या वडिलांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली, त्या गाडीचे फोटो काढण्यासारखे आहेत का? (वाचक, इंग्लंड)

आधी लंडन. नोव्हेंबरचा पहिला रविवार, हाइड पार्कमधून सूर्योदयाला गाड्या सुटतात, सगळ्या १९०५ च्या आधी बनलेल्या. १४ नोव्हेंबर १८९६ ला इंग्लंडात मोटारींची वेगमर्यादा वाढून ताशी १४ मैल झाली त्या आनंदात पहिली रन निघाली होती, आणि अजून सुटताना, जुनी बंधनं गेली याची खूण म्हणून, लाल झेंडा फाडतात, तो मुलीला नक्की दाखवा. सरासरी वेग २० मैलांच्या वर न्यायचा नाही असा नियम आहे, म्हणजे ३२ किलोमीटर, आणि पॅनिंग, म्हणजे चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, शिकायला यापेक्षा बरा वेग नाही. शटर १/६० वर ठेवा, पाय रोवून कमरेतून फिरा, गाडी लांब असतानाच तिला धरा आणि बटण दाबल्यावरही फिरत राहा. जमायला लागलं की १/३० वर या. फार वेगवान शटर ठेवलंत, १/१००० वगैरे, तर स्पोक गोठतात आणि गाडी पार्क केल्यासारखी दिसते. दहातले आठ हलणारच, काढत राहा. उघड्या गाड्या असतात, त्यामुळे बसलेल्यांचे चेहरे लाल झालेले, चष्म्यावर थेंब, ते पण घ्या.

आणि पद्मिनी. तुम्ही हे विचारलंत म्हणून पत्र दोनदा वाचलं. हो, काढण्यासारखे आहेत, आणि आत्ताच काढा. ती गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, आधी फियाट ११००, मग १९७४ पासून पद्मिनी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. एकेकाळी नाक्यानाक्यावर रांगेत उभी असायची म्हणून कुणी तिचा नीट फोटोच काढला नाही, हीच अडचण आहे. राजेमहाराजांच्या रोल्सचे, तिच्या बोनेटवरच्या चार्ल्स साइक्सनं घडवलेल्या बाईचे हजारो फोटो आहेत. स्टेअरिंगच्या दांड्याला असलेल्या गिअरवर हात ठेवून बसलेल्या टॅक्सीवाल्याचा फोटो शोधायला लागलात की कळतं किती कमी आहेत.

मुंबईला याल तेव्हा मेळाव्यांमध्ये खाजगी पद्मिनी येतात, मालकाला सांगा वडील टॅक्सी चालवायचे, तो आनंदानं दार उघडेल. मागच्या छोट्या शेपट्या तिरक्या उन्हात घ्या, डॅशबोर्ड घ्या, छताच्या आतलं रेक्झिन घ्या. आणि वडील असतील तर त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, तुम्ही मागच्या सीटवर, पॅसेंजर बसतो तिथं बसा, ०.५ एक्सची लेन्स लावा आणि त्यांना सांगा की बाहेर हात काढून मीटर कसं पाडायचे ते दाखवा.