कोळी नसलेला फ्लॅट शोधू नका, फटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी ऐरोलीत, आणि कोळ्याची भीती एवढी की खोलीत एक दिसला तर त्या रात्री तिथे झोप नाही. भाड्यासाठी तीन वन बीएचके बघितलेत. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या टॉवरचा अठरावा मजला, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला आणि वाशीत सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधला तळमजला. यातलं कोळी नसलेलं घर कुठलं?

कुठलंच नाही. आणि त्या निकषावर निवडायला गेलात तर दर अकरा महिन्यांनी घर बदलत बसाल. तुमची झोप कोळी घरात आहे म्हणून उडत नाही, तो अचानक समोर येतो म्हणून उडते. मोठा कोळी जिथून आत येऊ शकतो आणि दिवसभर लपू शकतो अशा जागा जिथे कमी, ते घर घ्या. त्या जागा डोळ्यांनी दिसतात, बोटाने मोजता येतात.

आधी कोण कोण भेटेल ते बघू. छताच्या कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायांचा, फुंकर मारली की गदागदा हलणारा, तो तिथेच राहतो, अंगावर येत नाही. कोळिष्टकं, जळमटं म्हणून आपण झाडतो ती बहुतेक त्याचीच. खिडकीच्या चौकटीवर टुणकन उडी मारणारा नखाएवढा, मोठ्या डोळ्यांचा, तो दिवसा हिंडतो आणि डास-माश्या खातो. (2021 मध्ये ठाणे-कल्याण भागातून नोंदवलेल्या अशाच एका उड्या मारणाऱ्या जातीला शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून 'आयसियस तुकारामी' हे नाव दिलं गेलं.) खरा प्रश्न तिसऱ्याचा. शिकारी कोळी, म्हणजे हंट्समन: तपकिरी, चपटा, पाय पसरले की जवळजवळ तळहाताएवढा. तो जाळं विणत नाही. दिवसभर फोटोफ्रेममागे, मीटरच्या पेटीत, डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या बोळात) चिकटून बसतो आणि रात्री झुरळांच्या मागे निघतो. शरीर इतकं चपटं की अर्ध्या सेंटिमीटरची फट त्याला दारासारखी. पोटाखाली पांढरट चपटी गोळी धरून फिरणारी दिसली तर ती अंडी घेतलेली मादी. तिच्यावर चप्पल मारू नका, गोळी फुटली तर आतली पिल्लं खोलीभर होतात.

यावरून मजल्याचा हिशेब लावा. 'वरचा मजला घ्या' हा सल्ला सगळे देतात, तो अर्धाच खरा. पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर तरंगत जातात, त्यामुळे अठराव्या मजल्याच्या बाल्कनीत बारीक जाळी दिसणारच. पण मोठा हंट्समन बहुधा डक्टमधून, मोरीच्या पाइपाशेजारून किंवा दाराखालून येतो. मग तळमजल्यावर, बाहेर कुंड्या, पालापाचोळा आणि ड्रेनेजचं चेंबर असेल तर तो येणार. म्हणून वाशीची जागा तुमच्यासाठी बाद, भाडं कितीही कमी असलं तरी. नौपाडा की मानपाडा हे पत्त्यावर ठरत नाही, बाथरूमच्या खिडकीवर ठरतं. जुन्या इमारतीत तिथे काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असते आणि पलीकडे वर्षानुवर्षं न झाडलेला डक्ट. पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, जाळी लावायला चौकट नाही. टॉवरमध्ये स्लायडिंग खिडक्या घट्ट असतात, पण डोंगराच्या काळोखासमोर तुमचा दिवा लागला की पावसाळ्यात पाकोळ्या आणि किडे काचेवर येतात, आणि त्यांच्यामागे त्यांना खाणारे. बेडरूम डोंगराच्या बाजूला नसेल आणि बाथरूमचा झरोका बंद करता येत असेल तर मी मानपाडा म्हणेन. नसेल तर नौपाडा, खिडकी बदलून घेण्याच्या अटीवर.

घर बघायला दुपारी जाऊ नका, एजंट कितीही घाई करो. रात्री साडेआठ-नऊला टॉर्च घेऊन जा. आधी जिना: लँडिंगवरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटभोवती जाळ्यांचा गुच्छ आहे का, मीटरच्या पेटीची झाकणं नीट बसतात का. मग आत सिंकखालचं कपाट, माळा, गीझरमागची भिंत. झुरळांची काळ्या तिळासारखी विष्ठा दिसली तर तिथे शिकाऱ्याचं जेवण तयार आहे. मार्च-एप्रिलमध्ये बघत असाल तर घर फसवं स्वच्छ दिसेल, किड्यांची गर्दी पावसाळ्यात वाढते. आणि कोपऱ्यात 'मेलेला कोळी' दिसला तर टॉर्च जवळ धरा. पाठीवरचं झाकण डब्यासारखं उघडलेलं आणि आत पोकळ असेल तर ती टाकलेली कात. म्हणजे मालक गेला नाही, मोठा झालाय.

टोकन देण्याआधी मालकाशी लेखी ठरवा की ताबा मिळण्यापूर्वी जाळ्या, फटी बुजवणं आणि झुरळांचं पेस्ट कंट्रोल होईल. लिव्ह अँड लायसन्स करारात हे एका ओळीत घाला आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती, तीन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका. भीती आहे म्हणून सांगायची गरज नाही, 'डासांचा त्रास' म्हटलं की ठाण्यात कोणीही समजून घेतं.

फटींचं काम सामान यायच्या आधी, रिकाम्या घरात करा. एका वन बीएचकेला सिलिकॉन सीलंटच्या 280 मिलिलीटरच्या दोन नळ्या आणि एक गन पुरते. एसीच्या पाइपाचं भोक, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथला गोल, गीझरच्या वायरीचं भोक, दरवाजाच्या चौकटीची भेग. भोक दोन बोटांहून मोठं असेल तर आधी व्हाइट सिमेंट, वाळल्यावर सीलंट. ओल्या भिंतीवर सीलंट धरत नाही, महिन्याभरात पापडासारखा सुटतो, म्हणून ही कामं पावसाआधी किंवा दोन कोरडे दिवस बघून. नहाणीच्या जाळीखाली झुरळ अडवणारा ट्रॅप बसवा. मुख्य दाराला खाली ब्रश किंवा रबराची पट्टी. ती जमिनीला टेकली पाहिजे, आतून दिवा लावून बाहेर उजेडाची रेघ दिसली तर परत खाली करा. एक्झॉस्ट फॅनला बंद झाल्यावर आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या हव्यात. आणि लोक हमखास विसरतात ती जागा: स्लायडिंग खिडकीच्या खालच्या रुळातली पाणी जाण्याची भोकं. ती बुजवू नका, पावसाचं पाणी घरात येईल. त्यांच्यावर जाळीचा तुकडा चिकटवा.

पेस्ट कंट्रोलवाला 'कोळ्यांचा स्प्रे' विकेल. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, अंग जमिनीला लागत नाही, त्यामुळे फरशीवर मारलेला फवारा झुरळावर चालतो तसा त्याच्यावर चालत नाही. झुरळांसाठी जेल लावा, मसुराएवढे थेंब, बिजागऱ्या आणि फ्रिजच्या मागच्या बाजूला. त्याच जागी स्प्रे मारू नका, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही पैसे वाया. झुरळं संपली की शिकाऱ्याचं कारण संपतं. अल्ट्रासाउंडचे प्लग घेऊ नका.

पलंग भिंतीपासून वीतभर पुढे, चादर जमिनीला न टेकणारी, पहिले काही आठवडे गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. सामानाचे पुठ्ठ्याचे खोके बाल्कनीत रिकामे करा आणि त्याच दिवशी रद्दीत द्या.

चाव्याबद्दल एवढंच: घरात नेहमी दिसणारे हे कोळी जिवावर बेतत नाहीत. हंट्समन हाताखाली दाबला गेला तर चावतो, मधमाशी चावल्यासारखं दुखतं. पावसाळ्यात सकाळी मानेवर जळजळीत लाल पट्टा उठतो आणि घरची मोठी माणसं 'कोळी मुतला' म्हणतात, तो बहुतेक वेळा दिव्यावर येणाऱ्या केशरी-काळ्या पेडेरस किड्याचा असतो. तो अंगावर चिरडला की त्याचा रस भाजतो. फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

आता भीतीचं. फटी बुजवणं ठीक, पण रोज रात्री टॉर्च घेऊन घर तपासायला लागलात तर भीती वाढेल. झोपण्याआधी एक फेरी, मग बंद. दर वेळी वॉचमनला बोलावून कोळी काढायला लावणं हीसुद्धा पळवाटच. कोळ्याच्या भीतीवर उपचार चांगला लागू पडतो: शून्य ते शंभर अशा मापावर भीती मोजत एकेक पायरी. आधी चित्र, मग फोटो, मग व्हिडिओ, मग कोपऱ्यातला काडीपायवाला तीन मीटरवरून, दोनवरून. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, शिखरावर असताना पळायचं नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये मांडलेल्या पद्धतीत हे सगळं तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत होतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे. फोन करताना 'एक्स्पोजर', म्हणजे असं पायरीपायरीने भीतीला सामोरं नेणं, करता का, असं थेट विचारा. नुसत्या गप्पांनी ही भीती हलत नाही.

आणि हंट्समन आलाच तर ग्लास पुरणार नाही, पाय कडेखाली सापडतात. दोन लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि लग्नपत्रिकेइतका जाड कागद दाराजवळ ठेवा. तो आडवा पळतो, म्हणून डबा समोरून सरळ न नेता पायांच्या पसाऱ्याच्या मधोमध वरून ठेवा आणि कागद हळूहळू सरकवा, पाय उचलायला त्याला वेळ द्या. जिन्याच्या खाली झाडाशी नेऊन डबा आडवा करा. लगेच उचलून घरी आणू नका. तो पुष्कळदा बाहेर न जाता डब्याच्या बाहेरच्या तळाला जाऊन चिकटतो, म्हणून आधी तळ बघा.