पिक्चरमधली पोरं आणि घरातली पोरं

प्रश्न : मॅडम, मुलगा यंदा पीयूसी फर्स्ट इयरला (म्हणजे अकरावीला) हाय, सायन्स. रोज खानापूरहून बेळगावला बसनं ये-जा करतो. रात्री एक-दीडपर्यंत मोबाईलवर कॉलेजातल्या लव्हस्टोरीचे पिक्चर बघत पडतो, सकाळी उठता उठत नाही, काय विचारलं तर "काय नाही" म्हणून दार ओढून घेतो. पिक्चर बघूनच बिघडलाय असं ह्यांचं म्हणणं. मोबाईल काढून घेऊ काय?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, एवढ्यावरनं बिघडला म्हणता येणार नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं, म्हणून अकरा वाजले तरी डोळा लागत नाही आणि सकाळी हाक मारून मारून आपला घसा बसतो, मोबाईलच्या उजेडानं त्यात आणखी भर पडते. त्याला आठ तास तरी झोप पाहिजेच. तेव्हा काढून घेऊ नका, पण रात्री दहानंतर सगळ्या घराचे मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला लावा, ह्यांचा पण.

आता पिक्चरचं. मला खरी काळजी वाटते ती ही की आपल्या बहुतेक पिक्चरमध्ये वयात येणं म्हणजे प्रेमात पडणं, बस्स, दुसरं काही होतच नाही. तुमचा मुलगा मराठी माध्यमातनं एसएसएलसी (दहावी) करून एकदम इंग्लिशमधल्या फिजिक्सला जाऊन बसलाय, बाजूला कन्नड बोलणारी नवीन पोरं, शाळेतले मित्र कुणी कॉमर्सला, कुणी आयटीआयला, आणि वर्गात शंका विचारायची तर कुठल्या भाषेत हाच प्रश्न. आपण कोण, आपल्याला काय जमतंय, हे शोधण्यातच या वयाचा निम्मा जीव जातो, पण हे कुठल्या हिरोच्या वाट्याला येतंय सांगा? मला तर वाटतं त्याच्या "काय नाही"मागं हेच असेल. अभ्यासाचं विचारून बघा, मार्कांचं नको, कुठला विषय डोक्यावरनं जातोय ते विचारा.

चांगले पिक्चर पण हायत की. 'शाळा'मध्ये नववीतल्या पोराचं प्रेम हाय पण त्याच्याइतकीच अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमधली मित्रांची बैठक पण हाय, आणीबाणीचा काळ हाय, घर हाय. २०१३ च्या 'बालक-पालक'मध्ये चाळीतल्या ताईचं काय झालं हे पोरं विचारतात, मोठी माणसं उत्तर देत नाहीत, मग पोरं नको तिथं उत्तर शोधायला जातात. हा तुम्ही दोघांनी आधी बघा, मग मुलाबरोबर. आणि तो कुठलाही पिक्चर बघत असला तरी शेजारी बसून "तिनं नाही म्हटल्यावर पण हा मागं मागं फिरतोय, तुला बरोबर वाटतंय काय?" एवढं सहज विचारा आणि तो काय म्हणतोय ते ऐका, लगेच लेक्चर नको.

प्रश्न : मी दहावीत, वय १५. वर्गात सगळ्यात बुटका, आवाज पण अजून पोरीसारखा. पिक्चरमध्ये दहावीच्या पोराला दाढी असते. मला काही आजार हाय काय?
– एक विद्यार्थी, वडगाव

उत्तर : बाळा, पिक्चरमधला दहावीचा पोरगा खऱ्यात बहुतेक विशी ओलांडलेला नट असतो. 'सैराट'चंच बघ, २०१६ ला पिक्चर लागला तेव्हा रिंकू राजगुरू खरोखरच १४ वर्षांची होती आणि आकाश ठोसर विशीच्या पुढं, तरी पडद्यावर दोघं एकाच कॉलेजात. त्यामुळं तुलना त्यांच्याशी नको.

पोरांमध्ये हे बदल साधारण ९ ते १४ मध्ये कधीही सुरू होतात, आणि उंचीची उडी पोरींपेक्षा दोनेक वर्षं उशिरा येते. तुला काखेत-जांघेत केस, अंडकोष मोठे होणं असं काही सुरू झालं असेल तर गाडी मार्गावर हाय, आवाज मागनं फुटेल. यातलं काहीच नसेल तर १४ पूर्ण झालेत म्हणून एकदा डॉक्टरला दाखवायचं, घाबरून नव्हे, खात्रीसाठी. सरकारी दवाखान्यात तुमच्या वयाच्या पोरांसाठी 'स्नेहा क्लिनिक' असतंय, तिथं बिनधास्त विचार. बऱ्याचदा हे घराण्यातच असतंय, तेव्हा जायच्या आधी बाबांना आणि मामाला विचारून ठेव त्यांची उंची कितवीत वाढली, डॉक्टर पहिलं तेच विचारणार.